शंभरची लेन्स

आज डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या) प्रॅक्टिकलला पहिल्यांदा ऑइल इमर्शनवर, म्हणजे लेन्स नि स्लाइडमध्ये तेलाचा थेंब ठेवून, ब्लड स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) पाहिला. पण त्याआधी लॅबमधल्या मामांनी मायक्रोस्कोप नुसता उचलायला शिकवला. एक हात आर्मला, दुसरा बेसखाली, अगदी तान्ह्या बाळासारखा.

"आधी चारच्या लेन्सवर बघ, मग दहा, मग चाळीस. आणि चाळीसला आलीस की मोठ्या नॉबला हात लावायचा नाही, काय?" कारण लेन्स स्लाइडला टेकली की काच तडकते नि लेन्सला ओरखडा.

मग शंभरच्या लेन्ससाठी सीडरवुड तेलाचा एक थेंब. काचेचा आणि या तेलाचा अपवर्तनांक जवळपास सारखाच, १.५१५ च्या आसपास. म्हणून प्रकाश मध्येच हवेत वाकून निसटत नाही. बारावीला हे घोकलं होतं, बास. आज कंडेन्सर (खालून प्रकाश एकवटणारी लेन्स) वर घेतला, बारीक नॉब किंचित फिरवला आणि न्यूट्रोफिलचं (ही एक पांढरी पेशी) जांभळं, खंडाखंडांचं केंद्रक समोर! भोवती मधोमध फिकट असलेल्या लाल पेशी. डोळ्याकडच्या लेन्सचे १० गुणिले हिचे १००, हजारपट. मी चक्क ओरडले.

मामा मात्र लेन्स पेपर घेऊन हजर. तेल राहिलं तर वाळून चिकटून बसतं. ओढणीने पुसायचं नाही (नजर माझ्याच ओढणीकडे). तेल असताना चाळीसची लेन्स परत फिरवायची नाही, ती कोरडीच वापरायची. आणि आमच्या कोकणातल्या पावसात लेन्सला बुरशी धरते, म्हणून पेटीत सिलिका जेल हवंच.

उद्या डिफरन्शियल काउंट, म्हणजे कोणत्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी किती ते बघायचं. १०० पांढऱ्या पेशी मोजायच्यात, डोळे आत्तापासूनच दुखतायत!