आमची वाटचाल : शंभर मीटर पाईप गुंडाळण्याची गोष्ट

काचा धुण्याची कामे मी स्वतः कंत्राटावर घेत होतो तेव्हा या कामातला वेळ काचा धुण्यातच जातो, अशी माझी पक्की समजूत होती. लोअर परळच्या एखाद्या इमारतीत सकाळी सातला सुरू केलेले काम बाराला आटोपायचे आणि माणसे मात्र दीड वाजता टेम्पोत बसायची. हे रोज डोळ्यांसमोर घडत असूनही त्या दीड तासाचा हिशेब मी कधी मांडला नव्हता. एके दिवशी आमचा सर्वांत जुना कामगार खांद्यावरची पाईपची वेटोळी खाली टाकून म्हणाला, "दादा, काचा दोन माणसं धुतात आणि पाईप चार माणसं आवरतात. पगार कशाचा देताय ते एकदा बघा." आज भांडुपच्या आमच्या गाळ्यात मोटरवर चालणारी जी होज रील, म्हणजे पाईप गुंडाळणारा ड्रम, तयार होते, तिची सुरुवात त्या टोमण्यापासून झाली.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंतच्या काचा आता बऱ्याच ठिकाणी जमिनीवर उभे राहूनच धुतल्या जातात. कार्बन फायबरच्या लांब काठीच्या टोकाला ब्रश असतो आणि त्यातून क्षार काढून टाकलेले पाणी सोडले जाते. असे पाणी सुकल्यावर मागे डाग ठेवत नाही, त्यामुळे काच पुसावी लागत नाही. मुंबई महापालिकेचे तलावांतून येणारे पाणी तसे मृदू असते. परंतु अनेक संकुलांत वापरासाठी बोअरचे किंवा टँकरचे पाणी असते आणि ते तसेच काचेवर मारले तर उन्हात पांढऱ्या टिपक्यांची रांगोळीच उमटते. म्हणून पाणी आधी आरओच्या पडद्यातून आणि नंतर उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या नळकांड्यातून काढायचे, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा शून्याच्या जवळ आला की मगच पंप सुरू करायचा आणि पाईपने ते काठीपर्यंत पोहोचवायचे, असा हा क्रम असतो. त्यावरच्या मजल्यांसाठी गोंडोला, म्हणजे छतावरून टांगलेला पाळणा, किंवा दोरावरची माणसे लागतात. तो आमचा प्रांत नाही.

ब्रिटनमध्ये याच कामासाठी व्हॅन वापरतात. टाकी, पंप आणि रील व्हॅनमध्येच बसवलेली असतात आणि व्हॅन घरासमोर उभी करून पाईप ओढत नेला जातो. इंटरनेटवर ते पाहून मलाही एक जुनी व्हॅन घ्यावीशी वाटली होती. मात्र मुंबईत इमारतीच्या दाराशी तीन तास गाडी उभी करू देणारा सुरक्षारक्षक मला अजून भेटायचा आहे. येथे सामान टेम्पोतून उतरवावे लागते, सर्व्हिस लिफ्टने पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या उंचावरच्या आवारात, न्यावे लागते आणि तेथून शंभर मीटर पाईप कुंड्या, झोपाळे आणि उभ्या गाड्या चुकवत फिरवावा लागतो. त्यामुळे आमची रील पहिल्यापासून ट्रॉलीवर बसवायची होती आणि ट्रॉली लिफ्टच्या दारातून जाणे ही पहिली अट होती.

पहिले यंत्र मी आणि माझा मेहुणा, जो व्यवसायाने टर्नर आहे, अशा दोघांनी मिळून केले. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून मोटारगाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर आणली, नागदेवी स्ट्रीटवरून बेअरिंग आणि चेन आणली, आणि लोखंडी पत्र्याचा ड्रम घरच्या लेथवर करून घेतला. बटण दाबताच पाईप सुरसुरत आत आला तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत लक्षात आले की आत गेलेला पाईप आता बाहेर निघत नाही. वायपरच्या मोटरमध्ये वर्म गिअर असतो. मोटर गिअरला फिरवू शकते, परंतु बाहेरून ओढून गिअर मोटरला फिरवू शकत नाही. पावसात वायपरची काडी वाऱ्याने हलू नये यासाठी ते सोयीचे असते आणि आमच्यासाठी ते कुलूप ठरले होते. मग ड्रम मोटरपासून मोकळा करणारा क्लच बसवला. आता ड्रम इतका मोकळा झाला की कामगार पाईप ओढून थांबला तरी ड्रम आपल्याच वेगाने फिरत राही आणि ट्रॉलीखाली पाईपचा गुंता होई. त्यावर चामड्याच्या पट्ट्याचा हलका ब्रेक आला. ज्याला आम्ही चार दिवसांचे काम समजत होतो त्यात पाच महिने गेले.

पाईप कोणता घ्यावा, हा प्रश्न मी सुरुवातीला अगदीच क्षुल्लक समजलो होतो. बारीक पाईप हलका पडतो म्हणून आतला व्यास ६ मि.मी. असलेला शंभर मीटर पाईप आणला. त्यात पाणी मावते जेमतेम २.८ लिटर. पण मिनिटाला दोन लिटर पाणी हवे असेल तर एवढ्या लांबीच्या अशा पाईपमध्ये घर्षणापोटीच सुमारे चार बार दाब खर्च होतो आणि वीस मीटर उंचीच्या काठीला आणखी दोन बार लागतात. आमच्या पंपाची मर्यादा सातच्या आसपास होती, त्यामुळे वरच्या काचांवर पाणी अक्षरशः ठिबकत असे. ८ मि.मी.चा पाईप घेतल्यावर घर्षणाचा खर्च चौथाईवर, म्हणजे साधारण एका बारवर आला. वजन मात्र वाढले, कारण आता पाईपमध्ये पाच लिटर पाणी मावू लागले आणि प्लास्टिकसह तेरा किलोंच्या घरातला साप ओढण्याची वेळ आली. जो ग्राहक आजही फोनवर "बारीक पाईप लावा, स्वस्त पडेल" असे सांगतो, त्याला मी हे आकडे सांगतो. पटत नसेल तर पाचव्या मजल्याची काच धुवून दाखवतो.

ड्रमवर पाईप नीट बसवण्याचे कोडे याहून अवघड होते. मोटर पाईप आत ओढते, पण तो कुठे बसावा हे ती ठरवत नाही. तो मध्यभागी चढत जातो, तेथे टेकाड होते, मग एखादा वेढा घसरून खालच्या दोन वेढ्यांत रुतून बसतो आणि दुसऱ्या दिवशी पाईप बाहेर ओढताना नेमका तेथे अडकतो. त्यासाठी एक माणूस रीलजवळ उभा राहून हाताने पाईप डावीउजवीकडे फिरवत असे, म्हणजे माणूस वाचवण्याच्या यंत्राला एक माणूस लागत होता.

माझी आई लालबागच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला होती. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो आणि त्यानंतर ती पुन्हा कधीच कामावर गेली नाही. एका रविवारी ती गाळ्यावर आली होती. फुगलेला ड्रम पाहून तिने विचारले, "सूत फिरवणारा कुठंय याचा? एका जागी चढवलंस तर फुगणारच की रे." वाइंडिंगच्या यंत्रावर धागा सतत या टोकापासून त्या टोकापर्यंत मागेपुढे नेणारा भाग असतो, हे तिने बोट हवेत हलवून मला दाखवले. आयुष्यातली अठरा वर्षे तिने तेच पाहिले होते, आणि मी आठ महिने त्याच प्रश्नावर डोके आपटत असताना तिला एका शब्दाने विचारले नव्हते.

त्या दिवसानंतर मेहुण्याने उलटसुलट आटे पाडलेला स्क्रू कापण्याच्या मागे लागून लेथची बरीच हत्यारे मोडली. अशा स्क्रूवर बसवलेला मार्गदर्शक तुकडा एका टोकाला गेला की आपोआप उलट फिरतो. आमच्या पाईपचा बाहेरचा व्यास १२ मि.मी. आहे; म्हणून ड्रमच्या प्रत्येक फेऱ्याला तुकडा बरोबर १२ मि.मी. सरकला पाहिजे, आणि तो सरकला की ३६ सें.मी. रुंदीच्या ड्रमवर एका थरात तीस वेढे दोऱ्यासारखे शेजारीशेजारी बसतात. पाचवा थर सुरू होतो न होतो तोच शंभर मीटर संपतात. पहिल्या थरात एका फेऱ्याला सुमारे ६७ सें.मी. पाईप आत येतो, तर पाचव्यात ९७. मिनिटाला साठ फेरे धरले तर सव्वादोन मिनिटांच्या आत काम होते, परंतु शेवटच्या काही मीटरांत पाईप सुरुवातीपेक्षा जवळजवळ दीडपट वेगाने येत असतो. पाईपच्या टोकाला असलेला जोड त्याच वेळी जमिनीवर उसळ्या मारत येतो. एकदा तो एका मुलाच्या पोटरीला लागला आणि त्या आठवड्यापासून शेवटच्या पाच मीटरांसाठी वेग निम्म्यावर आणण्याची सोय आम्ही सर्व यंत्रांत केली.

दुसरा प्रसंग हसण्याजोगा होता, पण तो तसा संपला हे नशीब. पवईच्या एका संकुलात पाईप एका उभ्या गाडीच्या चाकाखाली सापडला होता आणि कामगाराने बटण एकदा दाबून पाठ फिरवली होती. पाईप येईना, तेव्हा ट्रॉलीच पाईपकडे निघाली; पोडियमवरून पंधरा-वीस पावले चालत जाऊन ती एका तुळशी वृंदावनाला अडली आणि मोटर जळाली. तेव्हापासून बटण दाबून धरले असेल तोवरच मोटर चालते, चाकांना ब्रेक आहेत आणि करंट २५ अँपिअरच्या वर गेला की कंट्रोलर मोटर बंद करतो. अडकलेल्या पाईपइतकीच इमारतीच्या कोपऱ्यांचीही ओढ असते, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही: घर्षण नेहमीचे धरले तर पाईप एका काटकोनी कोपऱ्याला घासून वळला की ओढ दुपटीहून अधिक होते आणि दोन कोपऱ्यांनंतर ती चौपटीच्या पुढे जाते. म्हणून आम्ही रीलसोबत कोपऱ्यावर ठेवायचा एक साधा रोलर देतो. तो फुकट असल्यामुळे बहुतेक ठिकाणी गाळात पडलेला आढळतो.

गंजाने आम्हाला जे शिकवले ते महागात पडले. लोखंडी ड्रमवर पावडर कोटिंग करून दिलेली वरळीची पहिली दोन यंत्रे एका पावसाळ्यानंतर बोल्टच्या भोकांपासून फुलू लागली. आता ड्रम आणि फिरत्या ड्रमला पाणी पोहोचवणारा रोटरी जॉइंट स्टेनलेस स्टीलचा असतो, कारण क्षार काढलेले पाणी पितळेसारख्या धातूतून पुन्हा काही ना काही उचलते आणि मग ते शुद्ध करण्याला अर्थ उरत नाही. मार्च २०२० नंतर टाळेबंदीच्या काळात काही ग्राहकांनी याच रीलवरून सोडिअम हायपोक्लोराइट फवारले. आवारे निर्जंतुक झाली असतील. आमच्याकडे परत आलेल्या यंत्रांचे अॅल्युमिनियमचे भाग मात्र पांढऱ्या पिठासारखे हाताला लागत होते. तेव्हा आम्ही कोणाशी वाद घातला नाही, कारण त्या महिन्यांत दुसरे काही काम नव्हते आणि दुरुस्तीच्या बिलांवर गाळ्याचे भाडे निघाले.

पैशांच्या वसुलीबद्दल लिहिल्याशिवाय छोट्या उद्योगाची वाटचाल पूर्ण होत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. देखभालीची कामे घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीने आमच्या सहा रील वर्षभर वापरल्या आणि पैसे अकराव्या महिन्यात दिले, व्याज मागितले तेव्हा "पुढची ऑर्डर हवी आहे ना?" असा प्रतिप्रश्न आला. आम्हाला ती ऑर्डर हवी नव्हती. त्यानंतर आम्ही निम्मी रक्कम आगाऊ घेतो आणि यामुळे जे ग्राहक गेले त्यांची आठवण फारशी येत नाही.

आमचे वर्ष पावसाभोवती फिरते. जून ते सप्टेंबर काचा धुण्याची कामे जवळपास थांबतात, त्यामुळे सर्व जुन्या रील गाळ्यावर येतात. त्यांच्या ओ-रिंग, म्हणजे सांध्यांतली गळती रोखणारी रबरी कडी, बदलायच्या, क्लचचे दात तपासायचे, बॅटऱ्या चार्ज करून ठेवायच्या. दसरा जवळ आला की प्रत्येक सोसायटीला दिवाळीआधी काचा हव्या असतात आणि तेव्हा आम्हाला झोप नसते. गाळ्यात आज आम्ही सातजण आहोत. प्रत्येक रील पाठवण्यापूर्वी गाळ्यामागच्या गल्लीत पाण्याने भरलेला शंभर मीटर पाईप वीस वेळा सोडून वीस वेळा गुंडाळला जातो, आणि शेजारच्या छपाईवाल्याचा टेम्पो मध्ये आला तर तो जाईपर्यंत थांबले जाते.

सध्या अडचण चिखलाची आहे. ओल्या जमिनीवरून येणारा पाईप माती बरोबर आणतो, ती स्क्रूच्या आट्यांत जाऊन बसते आणि मार्गदर्शक तुकडा टोकाला पोहोचल्यावर वळण्याऐवजी अडतो. त्याच्या पुढे पाईप पुसून घेणाऱ्या फेल्टच्या दोन चकत्या बसवून पाहिल्या. त्या कोरड्या मातीला पुरतात, ओल्या मातीने आठवड्यात भरून जातात. मेहुण्याचे म्हणणे ब्रश लावावा असे आहे, माझे म्हणणे रबराची कड लावावी असे. दोन्ही बसवलेली दोन यंत्रे या पावसाळ्यात आमच्याच माणसांच्या हातात दिली आहेत.