तुम्ही विचारलंत म्हणून: मग लिहिलं कोणी?

चौदाव्या शतकातल्या युरोपातल्या प्लेगवर वर्गात बोलून झालं की एक प्रश्न हमखास येतो. ‘‘सर, तिथली तिसरा हिस्सा, कदाचित निम्मी माणसं गेली म्हणता. मग हे लिहून ठेवलं कोणी?’’ विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी शंकाही असते. हे सगळं मागाहून कोणी रचलं तर नाही ना?

नाही. लिहिणारे त्या साथीतच बसले होते.

आयर्लंडमधल्या किल्केनीला जॉन क्लिन नावाचा फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथातला मठवासी होता. १३४९ साली भोवती प्रेतं पडत असताना तो वृत्तांत लिहीत होता. मेलेल्यांमध्ये बसून मी मरणाची वाट पाहतोय, असं त्याने स्वतःच नोंदवलंय. आणि लिखाण पुढे चालावं म्हणून तो कोरं चर्मपत्र शिल्लक ठेवतो. आदमचा एखादा लेक या रोगातून वाचलाच, तर त्याने पुढचं लिहावं. मला दरवेळी त्या कोऱ्या चामड्यापाशी थांबावंसं वाटतं. चर्मपत्र काही स्वस्त नव्हतं. पुढे मजकूर फारसा नाहीच. मग दुसऱ्या कोणाची तरी एक ओळ येते: लेखक इथे वारला असावा.

इटलीतल्या सिएनात आन्योलो दि तूरा होता. लोक त्याला लठ्ठ म्हणायचे आणि तोही बिनदिक्कत तसंच लिहितो. १३४८ चा उन्हाळा. चर्चच्या घंटा वाजेनाशा झाल्या, कोणी कोणासाठी रडेना, कारण जो तो आपलीच पाळी येणार म्हणून बसला होता. त्यातच एक वाक्य: पाच मुलं मी माझ्या हातांनी पुरली. पुढे विलाप नाही, मुलांची नावं नाहीत. त्याच गावात जगातलं सर्वांत मोठं चर्च बांधायचं म्हणून १३३९ मध्ये कथीड्रलचा विस्तार काढला होता. तो थांबला, आणि अर्धवट राहिलेली ती उंच भिंत आजही तशीच उभी आहे.

सीरियातल्या अलेप्पोत इब्न अल-वर्दी या लेखकाने या साथीवर प्रबंधच लिहिला आणि १३४९ मध्ये त्याच रोगाने तो गेला.

पण खरं सांगू? मला या मोठ्या लेखकांपेक्षा कारकून जास्त आवडतात. इंग्लंडच्या जहागिऱ्यांत कूळ मेलं की त्याच्याकडचं सर्वांत चांगलं जनावर धन्याला द्यायचा रिवाज होता. त्यामुळे प्रत्येक मयताची नोंद व्हायचीच. आपल्या तलाठ्याच्या फेरफार वहीसारखीच. अमका मेला, एक गाय जमा, वारस मुलगा. १३४९ मध्ये अशा नोंदींची रीघ लागते. बापापाठोपाठ वारस मुलगाही जातो, मग कुठे कुठे वारस कोणी पुढे आलाच नाही म्हणून जमीन धन्याकडे परत. त्या नोंदींत दुःखाचा एक शब्द नाही. गाय तेवढी आहे. म्हणून तर शंका घेणाऱ्याला मी आधी याच वह्या दाखवतो. दुःख खोटं लिहिता येईल, पण गायीचा हिशेब खोटा कशाला लिहील कोणी?

आणि ज्याच्याकडे ना चर्मपत्र ना वही, त्याने भिंत धरली. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरला अ‍ॅशवेल गाव आहे. तिथल्या चर्चच्या मनोऱ्यात भिंतीवर लॅटिनमध्ये खरवडून लिहिलंय, साल १३५०: हालअपेष्टा, क्रौर्य, आणि साक्ष द्यायला उरला तो लोकांतला गाळ. लिहिणारा स्वतःला गाळच म्हणवतोय. नाव सांगत नाही.

त्याखाली आणखी एक नोंद आहे, १३६१ ची (आपल्या कालगणनेने जानेवारी १३६२). तिच्यात रोगाचं नावही नाही. संत मॉरच्या दिवशी भयंकर वादळ झालं, एवढंच लिहिलंय.