अँकिरिन-बी: हृदयपेशीतला नांगर

हृदयाची लय बिघडण्याचे आनुवंशिक आजार म्हणजे आयन चॅनेलमधलेच (पेशीच्या पटलातून सोडियम, पोटॅशियमसारखे विद्युतभारित कण ये-जा करू देणाऱ्या प्रथिनांच्या वाटांमधलेच) दोष, असे मी बरीच वर्षे मानत होतो. अँकिरिन-बी या प्रथिनाविषयी वाचल्यावर ही समजूत अपुरी होती हे कळले, आणि तेव्हापासून हा विषय मनातून गेलेला नाही.

जहाजाच्या नांगरासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून अँकिरिनचे नाव पडले. पेशीच्या पटलाला आतून स्पेक्ट्रिन या प्रथिनाच्या जाळ्याचा आधार असतो. त्या जाळ्याशी पटलातल्या प्रथिनांना जखडून ठेवणे हे अँकिरिनचे काम. तांबड्या रक्तपेशींत ते प्रथम ओळखले गेले. हृदयपेशीचे पटल जिथे नळ्यांसारखे आत शिरते, तिथे अँकिरिन-बी सोडियम-पोटॅशियम पंप आणि सोडियम-कॅल्शियम विनिमयक यांना शेजारी शेजारी बसवते. या शेजाराला फार महत्त्व आहे. प्रत्येक ठोक्यानंतर विनिमयक सोडियम आत घेऊन त्याच्या बळावर कॅल्शियम बाहेर टाकतो, आणि आत आलेले सोडियम पंपाने तिथल्या तिथे उपसले नाही, तर कॅल्शियम बाहेर पडण्याचा वेग मंदावतो, ते पेशीतल्या साठ्यात वाढत जाते आणि अवेळी ठोके पडू लागतात.

फ्रान्समधल्या एका मोठ्या कुटुंबात मंद नाडी, अलिंदांचे (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे) कंपन, ईसीजीवर लांबलेले क्यूटी अंतर (हृदयाच्या खालच्या कप्प्यांना विद्युतदृष्ट्या उद्दीपित होऊन पुन्हा पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) आणि श्रमाच्या किंवा भावनिक ताणाच्या वेळी अचानक मृत्यू, असे सारे एकत्र दिसत होते. १९९५ मध्ये त्याचे मूळ चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे कळले. २००३ मध्ये पीटर मोहलर, व्हॅन बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अँकिरिन-बीच्या अमिनो आम्लांच्या साखळीत १४२५ व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लायसिन आले आहे. अँकिरिन-बीच्या जनुकाची एकच प्रत शाबूत असलेल्या उंदरांना व्यायामानंतर अॅड्रेनॅलिन दिले, तेव्हा त्यांच्याही हृदयाची लय कोलमडली. पंप आणि विनिमयक यांच्या स्वतःच्या जनुकांत दोष नव्हता. ती प्रथिने आपापल्या जागी पोहोचत नव्हती, एवढेच.

हा आजार प्रथम ‘लाँग क्यूटी’चा चौथा प्रकार म्हणून नोंदला गेला. पुढे, दोष असूनही क्यूटी न लांबलेल्या व्यक्ती आढळल्याने ‘अँकिरिन-बी सिंड्रोम’ हे नाव पुढे आले, आणि मला तेच अधिक योग्य वाटते. कारण पहिल्या नावावर विसंबले, तर मंद नाडी असलेल्या पण क्यूटी सामान्य असलेल्या नातेवाइकाला निर्धोक समजण्याची चूक होऊ शकते.