पन्हाळ्याआधी वर्गातच म्यूऑन मोजा

शाळेत क्लाउड चेंबर (न दिसणाऱ्या कणांच्या वाटा धुक्यात दाखवणारी पेटी) करायचं ठरलं की कोल्हापूरच्या मुलांना पहिल्यांदा पन्हाळा आठवतो: उंचावर म्यूऑन (अवकाशातल्या किरणांमुळे वातावरणात तयार होऊन खाली येणारे सूक्ष्म कण) जास्त, मग गडावर जाऊन मोजूया! कल्पना भौतिकशास्त्राला धरून आहे. तरी आधी पेटी नीट चालू द्या.

काचेची छोटी मत्स्यपेटी उलटी करा. वर आलेल्या तळाला आतून जाड फेल्ट (नमद्यासारखं कापड) लावायचं, पण गोंदाने नको, अल्कोहोलमध्ये तो सुटतो. काचेच्या दोन्ही बाजूंनी चुंबक लावून धरा. फेल्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवा. सॅनिटायझरचं ७० टक्केवालं चालत नाही, त्यात पाणी फार. पेटी काळ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवून कडा चिकणमातीने बुजवा. पत्र्याखाली उणे ७८ अंशांचा ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड), तोही कुटून; मोठ्या खड्यांमध्ये पोकळी राहते आणि पत्रा जागोजागी कोमट राहतो. जाड हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास बर्नर नको.

दहा-पंधरा मिनिटं थांबा. खोलीत अंधार करून बॅटरी आडवी, पत्र्यालगत धरा. वरून उजेड टाकलात तर काहीच दिसणार नाही. बारीक रिमझिम दिसली की पेटी जमली. मग पांढरे धागे उमटतात: सरळ लांब म्यूऑनचे, वेडेवाकडे इलेक्ट्रॉनचे, आखूड जाड अल्फा कणांचे. रिमझिमच नसेल तर कुठूनतरी हवा शिरतेय.

आता पन्हाळा. १०० रेषा (म्हणजे हे धागे) मोजल्या तर त्यातच सुमारे १० ची, म्हणजे १०० च्या वर्गमूळाइतकी, अनिश्चितता असते, म्हणजे १० टक्के. काही शे मीटर चढून पडणारा फरक थोड्याच टक्क्यांचा, तो यात बुडून जातो. अनिश्चितता १ टक्क्यावर आणायला १०,००० रेषा हव्यात. शिवाय धुक्याचा संवेदनशील थर जेमतेम सेंटीमीटरभर असतो आणि दरवेळी त्याची जाडी बदलते, त्यामुळे दोन ठिकाणची तुलना फसते.

म्हणून वर्गातच, दर मिनिटाच्या रेषा अर्धा तास मोजून आलेख काढा. सरासरी ९ असेल तर साधारण तीन चतुर्थांश मिनिटांत ६ ते १२ रेषा मिळायला हव्यात. तसं आलं नाही तर का, याचा शोध म्हणजे खरं संशोधन, आणि ते नववीच्या मुलांना जमतं.

अकरावी-बारावीच्या मुलांनी पुढे सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेची ‘बीमलाइन फॉर स्कूल्स’ स्पर्धा बघावी. किमान पाच विद्यार्थी आणि एक मोठी व्यक्ती मिळून प्रयोगाचा प्रस्ताव पाठवतात. निवड झालेल्यांना खऱ्या कणशलाकेवर (वेगवान कणांच्या झोतावर) तो करता येतो. २०१८ च्या विजेत्यांत मुंबईच्या शाळेचा संघ होता.