स्कर्टिंग आधी की दाराची पट्टी?

आमच्या दहा बाय बाराच्या खोलीची फरशी तीन दिवसांत झाली, पुट्टी दोन दिवसांत. दाराच्या पायथ्याशी वीतभर कोपरा उरला होता, त्याला अठरा दिवस लागले. अजून आठवलं की डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसले.

बिल्डिंग जुनी, खाली मोझेक. फोडाफोडी नको म्हणून त्यावरच नवी टाइल चिकटवली. फरशी वर आली, दार खालून रंधून घ्यावं लागलं. ते अपेक्षितच होतं. स्कर्टिंगचं, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावतात त्या टाइलच्या ओळीचं, विचारलं तेव्हा फरशीवाले म्हणाले, "जुन्यावरच मारू ताई, काढायला गेलो तर गिलावा सुटून येईल." मला पटलं. तिथेच चुकले.

कारण जुनं स्कर्टिंग आधीच भिंतीच्या अर्धा इंच बाहेर होतं. त्यावर टाइल चिकटवायचं केमिकल, त्यावर टाइल. झाला की एक इंच! आणि चौकटीभोवती मारायची सागवानी पट्टी १२ मिमी, म्हणजे जेमतेम अर्धा इंच. दोन्ही जिथे भेटणार तिथे स्कर्टिंग पट्टीच्या पुढे अर्धा इंच येणार, कापलेल्या टाइलची कच्ची कड दिसणार, वर पायाची करंगळी आपटायला हक्काची जागा. पट्टी नकोच म्हणावं तर चौकट आणि गिलाव्यामधली भेग झाकणार कशाने? पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, पुट्टी भरली तरी वर्षात भेग परत उघडते.

मग सुरू झालं फोनवरचं भांडण. फरशीवाले म्हणाले, "सुताराला आधी पट्टी मारू द्या, मी तिला टेकवून घेतो." सुतार म्हणाले, "आधी स्कर्टिंग होऊ दे, मी त्यावर पट्टी कापून बसवतो." निरोप्या मी. त्यात सुताराचा "उद्या सकाळी येतो" हा शब्द; कुठल्या उद्या, ते विचारायचं नसतं. मंगळवारी एक आला, दुसरा नाही. गुरुवारी दुसरा आला, पहिल्याचा फोन बंद. सिमेंटची धूळ मी रोज पुसत होते, रंगारी खोळंबलेला.

शेवटी दोघांना सांगितलं, उरलेले पैसे दोघं एकत्र खोलीत उभे राहाल तेव्हाच. रविवारी नऊला दोघं हजर! तिथेही पंधरा मिनिटं तेच. तेवढ्यात सुताराबरोबर आलेल्या पोराने कचऱ्यातला जाड लाकडाचा तुकडा उचलून चौकटीच्या पायाशी धरला आणि म्हणाला, "इथे ठोकळा बसवला तर?" सव्वा इंच जाड, पाच इंच उंच. पट्टी ठोकळ्यावर येऊन थांबली, स्कर्टिंग बाजूने येऊन त्याला टेकलं, कड लपली. दोन ठोकळे, चाळीस मिनिटं.

तेव्हा क्रम असा: ठोकळा आणि पट्टी आधी, स्कर्टिंग नंतर, रंग सगळ्यात शेवटी. आणि पट्टी निवडायच्या आधी स्कर्टिंग भिंतीपासून किती पुढे येतं ते मोजा. दुकानात फक्त उंची आणि रंग दाखवतात, जाडी आपण विचारायची.

एमडीएफचं (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) स्कर्टिंग दिसतं झकास, मीही भुलले होते. पण आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, खालची कड पाणी पिऊन फुगते. टाइल नको असेल तर पीव्हीसी बघा. पांढरंशुभ्र घेऊ नका, फडक्याचे ओघळ दिसतात.

हो, हिशेब राहिलाच. खोलीचा घेर ४४ फूट, दाराचे ३ वजा, राहिले ४१. दोन बाय दोनच्या एका टाइलमधून चार इंचाला थोड्या कमी अशा सहा पट्ट्या निघतात, म्हणजे १२ फूट. चार टाइल्स, एक पेटी पुरली. मला दोन घ्यायला लावल्या होत्या. दुसरी अजून बाल्कनीत आहे. ज्या पट्ट्यांना फॅक्टरीची कड असेल त्यांची ती कड वर ठेवायला सांगा, कापलेली खाली.

जुनं स्कर्टिंग काढूनच टाकायला हवं होतं, असं आता वाटतं. कपाट भिंतीपासून इंचभर लांबच उभं आहे. परवा त्या फटीत कंगवा पडला, फूटपट्टी घालून काढला.