चारही चाकं ओढतात, मग चेन कशाला?

हिवाळ्यात मनालीचा बेत ठरला की हा प्रश्न हमखास येतो: दोन मोटरची ऑल-व्हील-ड्राइव्ह इलेक्ट्रिक गाडी आहे, मग अटल टनेलपलीकडे सिस्सूला जाताना टायरवर बर्फासाठीची लोखंडी चेन कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

दोन मोटर गाडी चढवतात. थांबवायचं काम टायरचं, आणि आपल्याकडे गाडीबरोबर येणाऱ्या टायरचं रबर साधारण 7 अंशांखाली कडक होऊ लागतं. त्यात अशा बऱ्याच गाड्यांचं वजन 2 टनांच्या पुढे. सोलांगचा चढ ती इतक्या सहज चढते की रस्ता किती निसरडा आहे हे कळतच नाही. कळतं ते उतारावर.

चेन टायरच्या मापाचीच घ्या. कोणत्या चाकांना लावायची हे गाडीच्या पुस्तिकेत बघा, अंदाजाने लावू नका; काही गाड्यांत चाकामागे जागाच नसते. शे-दोनशे मीटर गेल्यावर उतरून पुन्हा आवळा, वेग 40 च्या आत ठेवा. बोगदा 9.02 किलोमीटरचा आणि आत बहुतेक कोरडा. तिथे चेन घासून तुटते आणि तुटलेली कडी चाकाच्या कमानीवर आपटते, म्हणून अलीकडे काढायची, पलीकडे पुन्हा लावायची. कंटाळवाणं आहे, पण करा. उत्तर टोकाला कोरड्या रस्त्यावरून एकदम बर्फावर येता, तेव्हा वेग आतच कमी करा.

खरी गफलत रीजनची, म्हणजे रीजनरेटिव्ह ब्रेकिंगची. पाय उचलला की मोटर जनरेटर होऊन चाकांना अडवते. ब्लॅक आइसवर (रस्त्यावरच्या सहज न दिसणाऱ्या पातळ बर्फावर) वळणात पाय झटकन उचललात तर मागची चाकं सुटून गाडी आडवी होऊ शकते. रीजन सर्वांत खालच्या पातळीवर ठेवा, पाय सावकाश उचला, थांबायचं ते ब्रेकनेच. ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएस प्रत्येक चाक वेगळं सांभाळतं. आणखी एक: रात्रभर गारठलेली किंवा पूर्ण भरलेली बॅटरी रीजन फारसं घेत नाही. काल पाय उचलल्यावर हळू होणारी गाडी आज सकाळी तशीच सुटते. निघाल्याबरोबर सपाट जागी एकदा तपासा.

थंड बॅटरी चार्जिंगही हळू घेते. मुक्कामी पोचल्यावर, ती गरम असतानाच चार्जर लावा. सकाळवर ठेवू नका. थंडीत रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर, सहज 20 ते 40 टक्के घटते. केबिन हीटर किलोवॉटमध्ये वीज खातो, सीट हीटर त्याच्या मानाने फारच कमी, तेव्हा आधी सीट तापवा.

उन्हाळ्यात स्पितीकडे जाणाऱ्या ग्रामफू-बातलसारख्या दगडधोंड्यांच्या रस्त्यावर एक जुनी सवय मोडा. मोठा दगड दोन चाकांच्या मधून जाऊ देऊ नका, कारण मधे बॅटरी आहे. चुकवता येत नसेल आणि टायरला झेपेल एवढा असेल, तर हळूच चाक त्यावर चढवा. नाले सकाळी ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं. बॅटरीचं सील पाणी अडवतं, प्रवाहाचा धक्का नाही. खालून जोरात लागलंच, तर थांबून वाकून बघा: कूलंट (बॅटरी थंड ठेवणारं द्रव) ठिबकतंय का, पत्रा आत गेलाय का, डॅशबोर्डवर इशारा आहे का. यातलं एकही दिसलं तर तपासणी होईपर्यंत चार्जर लावू नका.