मॅग्नेट चिकटतंय, मग हे स्टेनलेस कसं?

तुमच्या पंपाच्या शाफ्टला मॅग्नेट चिकटतंय, मग तो स्टेनलेस कसा, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. बेळगावच्या उद्यमबागेत आमची हीट ट्रीटमेंटची भट्टी आहे. जॉब न्यायला आलेला माणूस खिशातून मॅग्नेट काढतो, शाफ्टला लावतो, ते टक्कन बसतं आणि त्याचा चेहरा उतरतो. "चिकटतंय की ओ ह्याला! स्टेनलेसचे पैसे मोजलेत आम्ही." मच्छ्याचे वर्कशॉपवाले हेच विचारतात, खानापूरकडचे विचारतात, साखर कारखान्यांच्या मेंटेनन्सची माणसं तर हमखास विचारतात.

चिकटतं ते बरोबर आहे, आणि ते स्टेनलेसच आहे.

गंज अडवायचं काम क्रोमियमचं. पोलादात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर आपोआप धरतो. ओरखडा पडला तरी हवा लागली की पुन्हा भरून येतो. मॅग्नेट मात्र आतली अणूंची मांडणी ओळखतं, क्रोमियम नाही. ३०४ ह्या नेहमीच्या स्टेनलेसमध्ये आठ टक्के किंवा जास्त निकेल असतं, त्यामुळे थंड झाल्यावरही तिथे ऑस्टेनाइट नावाची मांडणी टिकून राहते आणि त्याला मॅग्नेट धरत नाही. तेच ३०४ सिंकसाठी प्रेसमध्ये ओढलं की कोपऱ्यांत थोडं चिकटायला लागतं. उलट निकेल वाचवून मँगनीज घातलेलं २०० सिरीजचं स्वस्त भांडं मॅग्नेटला सहसा दाद देत नाही, आणि मिठा-आंबटाचे डाग तेच आधी धरतं. मॅग्नेटच्या परीक्षेत हलका माल पास होतो आणि भारी माल नापास. चांगला शाफ्ट ह्या एका कारणावरून परत जाताना बघितला की मला फार वाईट वाटतं.

तुमचा शाफ्ट १७-४ पीएचचा, सगळे ज्याला 'सेव्हन्टीन-फोर' म्हणतात त्याचा. अमेरिकेतल्या आर्म्को कंपनीने १९४० च्या दशकात काढलेलं हे पोलाद. क्रोमियम १५ ते १७.५ टक्के, निकेल ३ ते ५, तांबं ३ ते ५, आणि थोडं नायोबियम. निकेल कमी असल्यामुळे थंड होताना त्याचं मार्टेन्साइट होतं, म्हणजे अणूंची दुसरी, कडक मांडणी, आणि मार्टेन्साइटला मॅग्नेट चिकटणारच. पण ताकदीचं खरं इंगित तांब्यात आहे.

पोलादाच्या कारखान्यातून बार येतो तो साधारण १०४० अंश सेल्सिअसला तापवून थंड केलेला. ह्याला कंडिशन ए म्हणतात. तांबं तेव्हा पोलादात विरघळून अडकलेलं असतं. कडकपणा मोजायच्या रॉकवेल सी स्केलवर काटा तेहतीसच्या आसपास थांबतो, कार्बाइड टिपने टर्निंग होतं. मग जॉब भट्टीत जातो: ४८२ अंश, एक तास, आणि बाहेर काढून नुसत्या हवेवर थंड. तेलात बुडवणं नाही, त्यामुळे लांब शाफ्टसुद्धा सहसा वाकडा होत नाही. त्या तासाभरात तांब्याचे अतिसूक्ष्म कण जागोजाग सुटे होतात. पत्त्यांच्या जोडात वाळूचे कण गेले की पत्ते एकमेकांवरून सरकत नाहीत, तसे धातूचे थर अडतात. आत जाताना चांदीसारखा असलेला जॉब फिकट सोनेरी-तांबूस होऊन बाहेर येतो आणि काटा चाळिशीच्या वर जातो. ह्या अवस्थेचं नाव एच ९००. यील्ड, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो, किमान ११७० मेगापास्कल. ३०४ ची किमान २०५. म्हणजे तेवढ्याच जाडीचा शाफ्ट कायमचा वाकवायला पाचपटीहून जास्त जोर लागतो.

जॉब किंचित आकसतोही. शंभर मिलिमीटरला ०.०४ ते ०.०६. चाळीस मिलिमीटरच्या बेअरिंग सीटवर (बेअरिंग बसते त्या जागेवर) हे वीसेक मायक्रॉन होतात. जाणता टर्नर तेवढं आधीच ठेवून देतो.

इतकं ऐकल्यावर जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो, "मग एच ९००च करा, सगळ्यात कडक तेच न्हवं?" इथे मी अडून बसतो. तीच भट्टी ६२१ अंशांवर चार तास चालवली की तांब्याचे कण मोठे होतात, यील्ड किमान ७२५ पर्यंत उतरते, पण जॉब धक्का सोसायला लागतो. त्याला एच ११५०. खडा-कचरा अडकून झटके बसणाऱ्या पंपाच्या शाफ्टला मी हेच सुचवतो. जिथे हायड्रोजन सल्फाइडचा संबंध येतो त्या तेल-वायूच्या व्हॉल्व्ह स्टेमला तर एच ११५० ची प्रक्रिया दुहेरी करून कडकपणा तेहतीसच्या आत ठेवावाच लागतो, नाहीतर बाहेरून चकचकीत असलेला स्टेम अचानक तडकतो. आणि सतत तीनशे अंशांच्या वर चालणाऱ्या ठिकाणी हे पोलाद वापरूच नये, हळूहळू ठिसूळ होतं.

हत्तरगीच्या एरोस्पेस एसईझेडसारख्या ठिकाणच्या विमानाच्या कामात असल्या जॉबच्या ड्रॉइंगवर नुसता ग्रेड लिहून भागत नाही. एएमएस ५६४३ (विमानाच्या कामातलं ह्या पोलादाचं स्पेसिफिकेशन) आणि पुढे कंडिशन, दोन्ही लागतं. पंपाच्या शाफ्टलाही तसंच लिहायला काय हरकत आहे?

कारण सगळ्यात धोक्याचा माल म्हणजे बाजारातून आणून टर्निंग करून तसाच बसवलेला कंडिशन एचा बार. हाताला कडक लागतो, मॅग्नेटला चिकटतो, टेस्ट सर्टिफिकेटवर ग्रेडही बरोबर असतो. पण एजिंग (भट्टीतली ही पुढची तापवणी) न केलेलं ते मार्टेन्साइट ताणाखाली आणि क्षारांच्या पाण्यात भेगाळायला बघतं. म्हणून शाफ्ट आणताना सोबत टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) आणा, हीट नंबर (पोलादाच्या त्या घाण्याचा नंबर) बारवर आहे का बघा, आणि पंपात पाणी कसलं, झटके किती, तापमान किती हे सांगा. अंश आणि तास त्यावरून ठरवू. एच ९०० असेल तर भट्टी तापण्या-निवण्यासकट अर्ध्या दिवसात जॉब मिळेल, एच ११५० ला दुसऱ्या दिवशी या. न्यायच्या आधी रॉकवेलचा काटा तुमच्यासमोर लावून दाखवतो.